घराचं पुढं

जयमालाच्या घराची मागची भिंत सप्टेंबरच्या पावसात बसली. मातीची भिंत, पाणी पिऊन पिऊन फुगलेली, सकाळी चहाच्या वेळेला धप्पदिशी बाहेर रस्त्यावर गेली. आत पडली असती तर तिची सासू कलाबाई तिच्याखाली गेलीच होती. म्हातारी त्याच भिंतीला पाठ लावून चुलीपुढं बसलेली. भिंत गेली तशी तीही रेलली ती सरळ उताणी. मी धावत गेले, तर चिखलात पडल्या पडल्या बोट दाखवत होती.

"भारते, आगं रस्ता!"

उभा जन्म त्या घरात काढला, रस्ता भिंतीपलीकडे दोन हातांवर, पण घरात बसून तो तिनं पहिल्यांदा बघितला. शेवगावची एसटी चालली होती. एसटीतली माणसं हिच्याकडे बघत होती आणि ही त्यांच्याकडे.

मी शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका. त्यांचं काहीच माझ्यापासून लपत नाही आणि लपवायचं म्हटलं तरी मी ते होऊ देत नाही.

जयमालानं छपरावर ताडपत्री ओढली, पण भिंतीचं भगदाड काही झाकलं नाही. उलट शिलाई मशीन उचलून त्या भगदाडापाशी मांडलं. आमच्या घरांत उजेड म्हणजे दारातून येईल तेवढाच. भरदिवसा बल्ब लावून सुईत दोरा ओवायचा. आता भरपूर उजेड आणि वर वारा. आणखी एक झालं. बाजाराला जाणाऱ्या बायांना रस्त्यावरून मशीन दिसायला लागलं. "ब्लाऊज शिवता का वो?" असं विचारत एक थांबली, मग दुसरी. दिवाळीपर्यंत गावातल्या बायाही कापड घेऊन यायला लागल्या. वळसा घालून वस्तीत मात्र कुणी शिरायचं नाही. भगदाडातून कापड आत यायचं, भगदाडातूनच ब्लाऊज बाहेर जायचं.

"भारतीताई," एक दिवस ती मला म्हणाली, "नवं घर बांधायचं. आन् दार हितंच."

"हितं म्हंजे?"

"ह्या भगदाडात."

मी तर तोंडाला लावलेली बशी खाली ठेवली. आमच्या वस्तीतल्या एकाही घराचं दार रस्त्याकडे नाही. सगळ्या घरांची तोंडं बुद्धविहाराकडे आणि पाठ रस्त्याला. जयमालाचं माहेर सोनईचं, पेठेला लागून असलेलं घर. तिला हे लग्न होऊन आल्यापासून खुपायचं.

"कुनाला सांगू नका पन," ती म्हणाली. "सांगितलं की म्हातारी मान्सं म्हननार, कशाला वाद. एकदा दार लागलं की बगतील."

म्हणून ही गोष्ट जयमाला, तिचा नवरा पंकज, कलाबाई आणि मी, एवढ्यांतच राहिली. गावात फुटली ती गवंड्यामुळे, वस्तीला मात्र पत्ता नव्हता.

गवंडी अब्दुलभाई, शेजारच्या गावचा. हात चांगला आणि माणूसही चांगला. त्यानं दोरी लावली, फक्कीनं पायाची रेघ मारली आणि विचारलं, "भाभी, दरवाजा कुठं ठेवायचा?" जयमालानं रस्त्याच्या बाजूला पायानंच खूण केली. अब्दुलभाईनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि तेवढी रेघ मोकळी सोडली.

दुसऱ्या दिवशी रामहरीशेठ आला. सिमेंट-लोखंडाचं दुकान त्याचं, आणि पंचक्रोशीत असा एक गवंडी नाही, ज्याला त्याच्याशिवाय काम मिळतं. मोटारसायकलवरून उतरला नाही. एक पाय रस्त्यावर टेकून बोलला.

"बांधकाम काढलं म्हनं, बाई?"

"व्हय शेठ."

"चांगलं हाय. पानी लई झालं औंदा, घर पायजेच. फक्त मापाचं बगा. रस्ता अंगावर घेऊ नका."

"उतारा हाय. मोजनी झालेली हाय. हातभर आतच घेतलंय."

"तसं न्हाई वो." त्याची नजर फक्कीच्या मोकळ्या जागेवर. "एकेका गावाची पद्धत असती. तुमी सोनईच्या, तुमाला ठावं न्हाई."

"कसली पद्धत?"

तो नुसता हसला, गाडीला किक मारली आणि गेला. पद्धत कसली ते त्यानं तोंडानं सांगितलं नाही. बोललं की कायदा आहे, हे त्याला आमच्याइतकंच पक्कं माहीत. जे बोलायचं ते तो दुकानात बसून बोलला असणार, कारण त्यानंतर अब्दुलभाई आलाच नाही.

जयमाला त्याच्या घरी गेली. तो ओसरीवर बसला होता, थापी धुवून बाजूला ठेवलेली.

"भाभी, माफ करा," तो म्हणाला. "माझी सगळी कामं त्या दुकानातून येत्यात. तुमचं बरोबर हाय. पन माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

मग दुसरा गवंडी पाहिला, तिसरा पाहिला. एकाची सासू आजारी, एकाच्या घरी लग्न. एकाचा तर ओळंबाच हरवला होता. इतकी वर्षं भिंती उभ्या केल्या आणि ओळंबा नेमका आत्ता हरवला. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं, मापाचाच वाद असेल. पंकजचे चुलते भाऊसाहेब तात्या म्हणाले, "हातभर आनखी मागं सरा, सोडून द्या." जयमाला ओठ मिटून ऐकत राहिली. हिवाळा असाच गेला, ताडपत्री फाटत चालली आणि कलाबाईचा खोकला काही जाईना.

पंकज टेम्पो चालवतो, नगरच्या एमआयडीसीतला माल पोचवतो. तसा तो मितभाषी. दिवसभरातलं त्याचं बोलणं एका मुठीत मावेल. एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाला, "आज एक घर टाकून आलो."

"घर टाकून?"

"टेम्पोत. फळ्या असत्यात पत्र्याच्या, मधी फोम. लोखंडी खांब उभं करायचं, त्यात फळ्या बसवायच्या, नट-बोल्ट आवळायचं. झालं घर."

"गवंडी?"

"गवंडी लागतच न्हाई."

जयमालाचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत बसून नगरला गेली, आणि अर्थातच मीही गेले.

कारखान्याच्या आवारात नमुन्याचं घर उभं होतं. पांढरंशुभ्र, दोन खोल्यांचं. जयमालानं भिंतीवर बुक्की मारून बघितली. दार चारदा आपटलं. मग बादली मागितली, पंकजला छतावर पाणी ओतायला लावलं आणि आत जाऊन वर बघत उभी राहिली. एक थेंब आला नाही. तिथला विकणारा सगळं पंकजलाच सांगत होता.

"माझ्याशी बोला," जयमाला म्हणाली. "घर मी घेनार हाय."

"बरं मॅडम. तुमचा बिल्डर कोण?"

"मीच."

"तसं नाही. उभं कोण करणार? आमची माणसं बोलवायची तर वाट बघावी लागेल, वेगळे पैसे पडतील."

"आमीच करू."

"अनुभव आहे?"

"मान्सं हायत."

तो हसला, पण वाईट हसला नाही. त्यानं नीट समजावलं. पाया पाणसळीत, म्हणजे सगळीकडे एका पातळीत हवा, पायातले बोल्ट मापात हवेत, बाकी पाना धरता आला की झालं. सगळ्या फळ्या एकाच मापाच्या, खांबाच्या खाचेत बसणाऱ्या. दार आणि खिडकीच्या फळ्यांवर कुठं लावायचं ते लिहिलेलं असेल. बचतगटाचं कर्ज आणि तिच्या शिलाईचे पैसे यांवर घर ठरलं.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. रामहरीशेठ पारावर म्हणाला म्हणे, "डबा आननार हायत. नट-बोल्टाचं घर! त्याला काय घर म्हंत्यात? आज हितं, उद्या तिथं." तेव्हापासून गावात त्या घराचं नाव डबा पडलं. "डबा आला का?" "डब्यात किती मान्सं मावत्यात?" जयमाला म्हणायची, "हसू द्या. हसताना तोंड उगडं ऱ्हातं, बोलायला मोकळं न्हाई ऱ्हात."

पाया आम्ही बायांनी खोदला. एप्रिलचं ऊन आणि आमची ती काळी जमीन. वरून धुळीचा फुफाटा, खाली दगड. कुदळ मारली की हातापर्यंत झिणझिण्या यायच्या. पडलेल्या भिंतीतलेच दगड पायात भरले. सिमेंट पंकजनं शेवगावहून आणलं. पाणसळ बघायला तात्यांनी पारदर्शक नळी आणली. तात्या साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते, त्यामुळे हत्यारांवर त्यांचा शब्द शेवटचा. काँक्रीट कालवताना माझ्या तळहातांची सालं निघाली. रात्री भाकरी थापायची म्हटलं की पीठ झोंबायचं. कलाबाई म्हातारी, पण तीही पाणी मारायला बसायची. नवीन पायावर झारीनं पाणी घालायची आणि मधेच रस्त्याकडे बघत राहायची.

मे महिन्यात, वळवाच्या दिवसांत, घर आलं. ट्रक रस्त्यावर थांबला आणि बघतो तर पायाच्या अगदी समोर रामहरीशेठची ट्रॉली आडवी, टायर पंक्चर. टायर नक्की कुणी पंक्चर केला ते त्या टायरलाच माहीत. शेठ समोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता.

"काय करनार, पोरगं गेलंय टायर घिऊन," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत ईल."

ट्रकवाला थांबेना. म्हणून सगळ्या फळ्या दूर उतरवल्या आणि ओढ्याच्या काठानं, वस्तीला वळसा घालून, हातावर वाहून आणल्या. वजनाला फळी फार नाही, पण वाऱ्याला ती आवडते. एक झोत आला की चौघीजणी फळीबरोबर शेतात. पत्र्याची कड सुरीसारखी. दुपारपर्यंत सगळा माल पायाशी लागला आणि तेवढ्यात शेवटची फळी वाऱ्यानं फिरली. कलाबाई बाजूला उभी होती. फळी पडू नये म्हणून तिनं हात घातला आणि तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडला.

रक्त थांबेना. पंकजनं टेम्पो काढला. जयमालानं पदरानं म्हातारीचा हात आवळून धरला, मी म्हातारीला धरलं, आणि आम्ही शेवगावला निघालो.

"आमी काम चालू ठिवतो," तात्या मागून ओरडले. "ढग भरून आल्यात. भिंती आजच लागल्या पायजेत, न्हाई तर वारा फळ्या नगरला पोचवील."

"व्हय तात्या!" जयमाला म्हणाली. एवढंच म्हणाली. त्या घाईत दुसरं काय सुचणार?

टाके पडले, इंजेक्शन झालं, गोळ्या घेतल्या. परत येईतो ऊन कललं होतं. वळणावरूनच पांढरं घर दिसलं. खांब उभे, छत चढलेलं, चारही भिंती लागलेल्या. कलाबाई दुखणं विसरून टेम्पोत उठून उभी राहायला लागली. ट्रॉलीही रस्त्यातून हटली होती. पंकजनं टेम्पो घरासमोर आणून उभा केला.

रस्त्याच्या बाजूला सपाट भिंत होती. दार नाही, खिडकी नाही.

जयमाला उतरली. भिंतीपाशी गेली आणि तिनं त्या पत्र्यावर हात ठेवला. मग घराला वळसा घालून पलीकडे गेली. पलीकडे दार होतं, खिडकी होती, आणि दारात तात्या उभे होते. घामानं भिजलेले, हातात पाना, चेहऱ्यावर असा आनंद की बघवेना. अख्खी वस्ती जमली होती. सगळ्यांच्या हातात चहाचे कागदी कप.

"बग पोरी," तात्या म्हणाले. "एक बोल्ट उरला न्हाई का एक कमी पडला न्हाई. आन् शेठला उगं बोलत हुतो आपन. ट्रॉली हटवली, शिडी दिली, च्या पाजला समद्यांना."

"कवा हटवली ट्रॉली?"

"दाराची फळी बसवली न् तो आला."

जयमाला दाराच्या फळीकडे बघत होती. फळीवरच्या प्लास्टिकवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पुढे.

"तात्या," ती हळू आवाजात म्हणाली, "पुढं म्हंजे कुठं?"

"पुढं म्हंजे पुढं." तात्यांनी पान्यानं विहाराकडे दाखवलं.

"आन् रस्ता?"

"रस्ता मागं. असं काय करती?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. वस्तीतलं शेंबडं पोरही हेच सांगेल. मागं एसटी आली, मागं कुणाचं भांडण झालं, मागून भाजीवाला गेला. मी स्वतः ही गोष्ट सांगायला बसले तर पहिल्याच ओळीत 'मागची भिंत' म्हणाले, बघा पाहिजे तर. रस्ता समोर, गाव समोर, सगळं जग त्या रस्त्यानं येतं-जातं आणि आम्ही त्याला मागं म्हणतो. तात्यांनी वाचलं ते बरोबर वाचलं आणि लावलं तेही बरोबर लावलं. शब्दच उलटा होता.

"तात्या, दार रस्त्याकडं पायजे हुतं," जयमाला म्हणाली.

चहाचे कप ओठांपाशी थांबले. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई." तात्यांचा चेहरा पडला.

"मग सांगितलं का न्हाई?"

"माझंच चुकलं. भ्याले. तुमी न्हाई म्हनाल म्हनून गप बसले." तिचा आवाज चढला. "आता सांगते, समद्यांसमोर. माझ्या घराचं दार रस्त्याकडं पायजे. मला उजेड पायजे, मला गिऱ्हाईक पायजे, आन् रस्त्यानं जानाऱ्याला माझं तोंड दिसलं पायजे."

रामहरीशेठ घराच्या कोपऱ्यावर येऊन उभा होता. गाडीवरून उतरून, आपल्या पायांवर. मऊ आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई आता. म्हातारा मानूस किती राबला. झालं ते ब्येस झालं. पद्धतीला धरून झालं."

"कसली पद्धत, शेठ?"

"असती एकेक."

"तवा बी तुमी असंच म्हनलात. आज नीट सांगा. हितं दार का काढायचं न्हाई?"

तो रस्त्याकडे बघायला लागला.

"मोट्यानं सांगा. समदी मान्सं हायत. पंकज, मोबाईल काढा वो, शेठ काय म्हंत्यात ते नीट ऐकू द्या."

पंकजनं मोबाईल काढला. शेठनं एकदा मोबाईलकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तरी तात्या मान हलवत होते. "ऱ्हाऊ दे पोरी. कशाला? मागं दार, कुनी कदी केलंय का?"

तेव्हा कलाबाई पुढे आली. हाताला हे एवढं पांढरं बँडेज, लुगड्यावर वाळलेलं रक्त.

"भावजी," ती म्हणाली, "मी लगीन हून आले तवा सासूनं पयलं काय शिकवलं ठावं हाय? मागून कोन चाललं तर मोट्यानं बोलायचं न्हाई. त्येंच्या नजरंला पडायचं न्हाई, म्हनून ती भिंत. भिंत आपन बांधली न्हाई भावजी, आपल्याकडनं बांधून घेतली. धम्म घेतला, देव सोडलं, समदं सोडलं, आन् ही भिंत तेवढी आपली आपनच लिपत बसलो. ती पडली तवा मी उतानी पडले, पन रस्ता बगितला. आता पुन्यांदा तिला पाठ लावून मी बसनार न्हाई. मला हितंच बाहेर मरू द्या."

तात्यांनी हातातल्या पान्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग कलाबाईच्या बँडेजकडे. मला वाटलं म्हातारा आता रडतो. तो रडला नाही. त्यानं चहाचा कप मातीत ओतला.

"नट-बोल्टाचं घर हाय," तात्या म्हणाले. "ह्याला काय फोडावं लागतंय? शेठ पारावर म्हनतच हुतं, आज हितं, उद्या तिथं."

आणि शिडी चढून त्यांनी दाराच्या फळीचा पहिला बोल्ट सोडवला.

"माझी शिडी हाय ती," शेठ म्हणाला. आता आवाज मऊ नव्हता.

तात्या वरच्या पायरीवर थांबले. सगळे बघत होते. ते एकेक पायरी करत खाली उतरले, शिडी खांद्यावर घेतली, शेठच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि म्हणाले, "घ्या. च्या बी भरून देऊ का?" शेठला ती शिडी उचलायला कुणी मिळेना. एक टोक जमिनीवर फरफटत तो एकटाच तिला ओढत घेऊन गेला. आयुष्यात त्यानं स्वतः ओढलेली ती पहिली शिडी असावी.

पंकजनं टेम्पो भिंतीला लावला आणि तात्या टपावर चढले. ढग आता डोक्यावर आले होते. एकीकडची दाराची फळी सुटली, दुसरीकडची सपाट फळी सुटली आणि त्याच क्षणी वारा आला. मोकळ्या घरातून तो आरपार सुटला, छत करकरलं. "खांब धरा!" तात्या ओरडले. एकेका खांबाला दोघंतिघं मिठी मारून उभी राहिली. टपोरे थेंब पाठीवर गोट्यांसारखे बसत होते. दाराची फळी जयमाला, पंकज आणि मी मिळून घराच्या आतूनच, या तोंडाकडून त्या तोंडाकडे, इंच इंच सरकवत नेली. वारा एकदा फळीला घेऊन जायचा, एकदा आम्ही तिला घेऊन यायचो. जयमालाचा अंबाडा सुटला होता, केस तोंडावर आले होते, आणि ती शिव्या देत होती. वाऱ्याला देत होती की आणखी कुणाला ते मी विचारलं नाही. फळी खाचेत बसली तेव्हा जो खट्ट आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. तात्यांनी वरून बोल्ट आवळला.

पाऊस आला तसा निघून गेला. जयमालानं दार उघडलं. ओला रस्ता, पलीकडे शेत आणि शेवगावहून येणाऱ्या एसटीचे दिवे. कलाबाई उंबऱ्यात बसली, बँडेजचा हात मांडीवर घेऊन. एसटी गेली. आतल्या कुणी बघितलं की नाही कोण जाणे, पण हिनं हात हलवला. मग आत बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो लावले, मेणबत्त्या लावल्या आणि सगळ्या वस्तीनं त्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं उभं राहून वंदना घेतली. तात्या फक्त दिसले नाहीत. मला वाटलं, थकून झोपले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जयमालाच्या नव्या दारात चहा पीत होते. ती मशीन मांडत होती. समोरून रामहरीशेठची गाडी आली आणि दारापाशी जरा हळू झाली. काही तरी बोलायचं होतं त्याला. काल राहून गेलेलं असेल. गाडी सरकत सरकत तात्यांच्या घराच्या भिंतीपाशी थांबली आणि तेवढ्यात त्या भिंतीच्या आतून धाडकन आवाज आला.

शेठ दचकला. पुन्हा आवाज आला. तात्यांचं घर पक्क्या विटांचं, आम्ही सगळ्यांनी कौतुक केलेलं. त्या भिंतीचा गिलावा फुटला, एक वीट हलली आणि बाहेर रस्त्यावर पडली. भोकातून पहारीचं टोक दिसलं. मग पहार आत गेली आणि त्या भोकात तात्यांचा घामेजलेला, विटांच्या लाल धुळीनं माखलेला चेहरा आला.

कलाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तात्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग शेठकडे.

"शेठ," ते म्हणाले, "गाडी जरा मागं घ्या. आमच्या पुढं इटा पडत्यात."